विद्यापीठाच्या ग्रंथालयात नवे आहात? सभासदत्वापासून ‘नो ड्यूज’पर्यंत

एम.ए., एम.एस्सी. किंवा पीएच.डी.ला नव्याने आलेली बरीच मुलं ग्रंथालयात पहिल्यांदा जातात ती अभ्यासिकेतली खुर्ची धरायला. मग ती खुर्चीच ग्रंथालय होऊन बसते. दोन वर्षं अभ्यासिकेत काढून देवघेव विभागाची पायरीही न चढलेले विद्यार्थी प्रत्येक विद्यापीठात असतात. खुर्ची मिळवावीच, पण फीमधून ग्रंथालयासाठी जे पैसे कापले जातात त्यातला मोठा भाग पुस्तकं, नियतकालिकं आणि ई-संसाधनांवर जातो, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायला थोडी कागदपत्रं आणि थोडी माहिती लागते. कामाचा क्रम चुकला की ऐन प्रबंधाच्या वेळी अडकायला होतं. म्हणून हा क्रम.

हा लेख महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठांना समोर ठेवून लिहिला आहे. शुल्क, पुस्तकांची संख्या आणि मुदत प्रत्येक विद्यापीठात वेगळी असते, ती सूचना फलकावर पाहा. कार्यपद्धती मात्र बहुतेक ठिकाणी सारखीच असते.

१. आधी इमारत आणि वेळापत्रक

रिक्षावाल्याला किंवा गेटवरच्या सुरक्षारक्षकाला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ विचारलंत तर तो बुचकळ्यात पडेल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नंतर विद्यापीठाच्या ग्रंथालयाला कागदोपत्री हे नाव आलं. बोलताना मात्र पुण्यात ‘जयकर’, कोल्हापुरात ‘खर्डेकर’ आणि मुंबईत कलिन्याचं ‘जवाहरलाल नेहरू ग्रंथालय’ असंच म्हणतात. अर्जावर, डीडीवर किंवा ऑनलाइन भरणा करताना मात्र फलकावर असलेलं नवं नाव लिहा.

वेळेचा घोळ याहून मोठा आहे. ‘ग्रंथालय रात्रीपर्यंत उघडं असतं’ हे वाक्य बहुधा फक्त अभ्यासिकेबद्दल खरं असतं. देवघेव, प्रबंध विभाग, नियतकालिकं आणि झेरॉक्स यांची खिडकी कार्यालयीन वेळेतच चालते, आणि मधे जेवणाची सुट्टी असते. बाहेरगावाहून येणार असाल तर ज्या विभागात काम आहे त्या विभागाची वेळ फोनवर विचारून या. दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीत वेळा आणखी आखडतात.

२. सभासदत्व: सगळं एका फेरीत व्हावं म्हणून

सोबत न्यायची कागदपत्रं:

- विद्यापीठाचं ओळखपत्र, किंवा ते मिळेपर्यंत प्रवेशाची पावती आणि विभागाचं बोनाफाइड
- चालू वर्षाच्या फीची पावती (मूळ आणि झेरॉक्स)
- पासपोर्ट आकाराचे दोन-तीन फोटो
- आधारची झेरॉक्स, तिच्यावर स्वतःची सही
- सभासदत्वाचा अर्ज, विभागप्रमुखाच्या सही-शिक्क्यासह
- पीएच.डी. असल्यास नोंदणीचं पत्र आणि अर्जावर मार्गदर्शकाची सही
- अनामत रक्कम वेगळी भरायची असल्यास तिची पावती

सगळ्यात जास्त फेऱ्या होतात त्या विभागप्रमुखाच्या सहीसाठी. आधी विभाग, मग ग्रंथालय, असाच क्रम ठेवा. अर्जावरचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि ओळखपत्र जुन्या नावाचं असेल, तर आत्ताच सांगा. अनामत परत घेताना बँक खात्याचं नाव जुळलं नाही तर तेव्हा फार त्रास होतो.

अनामत रकमेच्या पावतीचा लगेच फोटो काढा आणि मूळ पावती गुणपत्रिकांच्या फाइलमध्ये ठेवा. पाच वर्षांनी तीच मागतात.

अर्जात ई-मेलची जागा असते. तिथे विद्यापीठाने दिलेला ई-मेल असेल तर तोच लिहा. घरून ई-जर्नल वाचण्याची सोय पुढे त्याच पत्त्यावर सुरू होते. तो अजून मिळाला नसेल तर संगणक केंद्रात अर्ज करा. ते काम सावकाश होतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात करून टाका.

संलग्न महाविद्यालयात शिकत असाल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं पूर्ण सभासदत्व सहसा मिळत नाही. प्राचार्यांचं किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथपालांचं पत्र आणि ओळखपत्र दाखवून बसून वाचण्याची परवानगी मिळते. पत्रात विषय आणि कालावधी लिहून आणा. ‘यांना सहकार्य करावे’ एवढ्या मोघम पत्रावर प्रबंध विभाग अडवतो.

३. तालिकेत (कॅटलॉगमध्ये) मराठी पुस्तक शोधणं

नवे लोक इथेच हात टेकतात. पुस्तक मांडणीवर असतं आणि संगणक ‘एकही नोंद नाही’ म्हणतो. इंग्रजी पुस्तकांचं ठीक चालतं. मराठीसाठी मात्र थोडी युक्ती लागते, आणि त्यामागे खरी कारणं आहेत.

पहिलं कारण लिपीचं. कोहा किंवा सोल या संगणकप्रणालींत नोंदी भरताना काही ग्रंथालयांनी मराठी शीर्षकं देवनागरीत घेतली, काहींनी रोमन लिपीत, तर काहींनी अमुक सालापर्यंत रोमन आणि पुढे देवनागरी. म्हणून प्रत्येक शोध दोन्ही लिप्यांत करा. रोमनमध्ये एकच नाव तीन तऱ्हेने लिहिलेलं सापडतं, तेव्हा पूर्ण शीर्षक न टाकता त्यातला सगळ्यात कमी वादाचा शब्द टाका.

दुसरं कारण जुन्या शुद्धलेखनाचं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ मध्ये लागू झाले. त्याआधीच्या पुस्तकांच्या शीर्षकांवर अनुच्चारित अनुस्वार आहेत, आणि तालिकाकाराने ते तसेच उतरवले आहेत. ‘साधने’ शोधलंत तर ‘साधनें’ सापडणार नाही. अशा वेळी शब्दाचा सुरुवातीचा भाग लिहून पुढे तारांकन द्या: ‘साधन*’. ऱ्हस्व-दीर्घाच्या शंकेलाही हाच उपाय चालतो.

तिसरं कारण डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲ’ हे अक्षर एका कळीनेही टाइप होतं, आणि ‘अ’वर अर्धचंद्र देऊनही. ‘दऱ्या’मधला र दोन पद्धतींनी लिहिता येतो. पडद्यावर सारखंच दिसतं, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. असं अक्षर असलेला शब्दच शोधातून वगळा आणि शीर्षकातला दुसरा शब्द घ्या.

लेखकाच्या नावाने शोधताना आडनाव आधी. टोपणनावाने लिहिणाऱ्यांच्या नोंदी दोन ठिकाणी विखुरलेल्या असतात, म्हणून ‘कुसुमाग्रज’ आणि ‘शिरवाडकर’ दोन्ही पाहा. आद्याक्षरांमधल्या टिंबांनी आणि मोकळ्या जागांनीही घोळ होतो, तेव्हा नुसतं आडनाव आणि विषय एवढंच टाकणं बरं.

एक नोंद सापडली की तिच्यातल्या विषयाच्या शब्दावर टिचकी मारा. त्याच विषयाखालची बाकीची पुस्तकं ओळीने येतात. हाती एक पुस्तक लागलं की पुढची वीस शोधायचा हा सगळ्यात जवळचा रस्ता.

नोंद उघडल्यावर तीन गोष्टी टिपून घ्या: वर्गांक (पुस्तकाच्या विषयाचा अंक, खालच्या ओळीतल्या लेखकचिन्हासकट), दालन किंवा मजला, आणि प्रतीची स्थिती. दाखल क्रमांकही (त्या प्रतीचा स्वतःचा क्रमांक) लिहिलात तर उत्तम, हरवलेली प्रत शोधताना कर्मचारी तोच विचारतात. ‘संदर्भासाठी’ असं लिहिलेली प्रत घरी मिळत नाही. ‘विभागीय ग्रंथालय’ असेल तर पुस्तक या इमारतीत नाहीच.

४. मांडणीवरून पुस्तक काढणं

आपल्याकडच्या बऱ्याच विद्यापीठांत ड्यूई दशांश वर्गीकरण वापरतात, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरावीक अंक. काही जुन्या संग्रहांना रंगनाथनांच्या कोलन पद्धतीचे अंक आहेत. तिथे अक्षरं आणि विरामचिन्हं मिसळलेली दिसतील. स्वतः डोकं न चालवता कर्मचाऱ्यांना विचारा.

ड्यूईमध्ये मराठी भाषा ४९१.४६ ला आणि मराठी साहित्य ८९१.४६ ला. त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३, निबंध ८९१.४६४. हिंदी साहित्य ८९१.४३, बंगाली ८९१.४४, गुजराती ८९१.४७. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ आणि गोव्याचा ९५४.७९९.

टिंबानंतरचा भाग दशांश आहे, तो एकेक अंक करून वाचायचा. ८९१.४६३ आधी, ८९१.४७ नंतर आणि ८९१.५ त्याच्याही नंतर. ‘चारशे त्रेसष्ट हा पाचापेक्षा मोठा’ अशा हिशेबाने शोधणारे विद्यार्थी दोन कपाटं पुढे उभे असतात आणि पुस्तक जागेवर नसल्याची तक्रार करतात.

अनुवादित पुस्तकं नियमाने मूळ भाषेच्या अंकाखाली जातात, म्हणजे बंगाली कादंबरीचा मराठी अनुवाद ८९१.४४ च्या आसपास. पण पुष्कळ ग्रंथालयं वाचकांच्या सोयीसाठी तो मराठीतच ठेवतात. दोन्हीकडे पाहा.

जागेवर पुस्तक नाही? डावी-उजवीकडची एकेक फळी, वाचनाची टेबलं आणि परत आलेल्या पुस्तकांची गाडी पाहा. परीक्षेच्या काळात काही महाभाग हवं ते पुस्तक भलत्याच विषयाच्या मागच्या रांगेत दडवून ठेवतात, हे कर्मचाऱ्यांना माहीत असतं. दाखल क्रमांक देऊन शोधायला सांगा. तुम्ही काढलेलं पुस्तक मात्र स्वतः परत फळीवर लावू नका, टेबलावर ठेवा. चुकीच्या जागी लागलेलं पुस्तक पुढच्या मोजणीपर्यंत हरवल्यातच जमा असतं.

५. देवघेव, मुदतवाढ, दंड

पुस्तक घेताना खिडकीसमोरच चाळा. फाटलेली पानं, कापलेले नकाशे, शाईच्या खुणा दिसल्या तर तिथेच दाखवून नोंद करून घ्या. परत करताना त्या तुमच्या नावावर पडतात.

मुदतवाढ ऑनलाइन होते, पण मुदत संपायच्या आत. दुसऱ्या कोणी त्या पुस्तकाची मागणी नोंदवली असेल तर होत नाही. दंड प्रत्येक पुस्तकामागे दिवसाला लागतो, म्हणजे चार पुस्तकं विसरलात तर चौपट. परत केल्यावर आपल्या खात्यात जाऊन नोंद उतरली का ते त्याच दिवशी पाहा. गर्दीत एखादं पुस्तक स्कॅन व्हायचं राहून जातं आणि पुढे वाद घालायला पुरावा नसतो.

हरवलं तर लपवू नका. बहुतेक ठिकाणी त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती आणून देता येते, नाहीतर किंमत अधिक दंड. दुर्मीळ पुस्तकाची किंमत छापील किमतीवर ठरत नाही.

६. घरून ई-जर्नल वाचणं

विद्यापीठाच्या आवारात वाय-फायवर असताना प्रकाशकाचं संकेतस्थळ तुम्हाला आपोआप ओळखतं, कारण विद्यापीठाचा आयपी पत्ता त्याच्याकडे नोंदलेला असतो. इथला नेहमीचा घोटाळा असा: विद्यार्थी आवारातच असतो, पण फोन मोबाइल डेटावर चालू असतो, आणि लेखासाठी पैसे मागितले जातात. आधी वाय-फाय तपासा.

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू आहे. मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० ई-जर्नल. केंद्र आणि राज्य सरकारच्या शिक्षणसंस्थांना ती लागू आहे, त्यात राज्य विद्यापीठंही येतात. समन्वयाचं काम गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र करतं. एल्सवियर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही नावं यादीत आहेत. खासगी अनुदानित महाविद्यालयात असाल तर ग्रंथपालांना ‘एन-लिस्ट’ या महाविद्यालयांसाठीच्या ई-संसाधन योजनेबद्दल विचारा. महाविद्यालय सभासद असेल तर तुम्हाला स्वतंत्र लॉगिन मिळतं.

घरून वाचण्यासाठी:

- ग्रंथालयाच्या ई-संसाधन विभागाकडे संस्थेच्या ई-मेलने ‘इन्फेड’ खात्याची (घरून प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर जायच्या लॉगिनची) मागणी करा.
- खातं मंजूर झाल्याचा ई-मेल आला की पासवर्ड बदला.
- प्रकाशकाच्या पानावर संस्थेमार्फत प्रवेश करण्याचा पर्याय निवडून यादीत आपलं विद्यापीठ शोधा.
- विद्यापीठाचं नाव बदललेलं असेल तर जुन्या नावानेही शोधून पाहा.

एकेक लेख उतरवा. एखाद्या जर्नलचे सगळे अंक एका रात्रीत उतरवणारं सॉफ्टवेअर लावलंत तर प्रकाशकाची यंत्रणा ते ओळखते आणि कधी कधी सगळ्या विद्यापीठाचाच प्रवेश बंद करते. दुसऱ्या दिवशी कोणाच्या लॉगिनवरून हे झालं ते ग्रंथालयाला कळतं.

संशोधनलेख कुठे छापायचा या प्रश्नावर वरचे विद्यार्थी अजून ‘केअर यादीत बघ’ असं सांगतील. यूजीसीने मान्य जर्नलांची ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं. आता जर्नलची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर आहे, तेव्हा पैसे भरण्याआधी मार्गदर्शकाला आणि ग्रंथपालाला जर्नल दाखवा.

७. मराठी नियतकालिकं आणि प्रबंध

मराठी मासिकांतले लेख तालिकेत लेखाच्या नावाने सापडत नाहीत, तिथे फक्त मासिकाचं नाव आणि वर्षं असतात. त्यामुळे बांधीव खंड काढून त्याला जोडलेली वार्षिक सूची वाचावी लागते. चालू अंक दर्शनी फळीवर, अलीकडचे सुटे अंक आत आणि जुने बांधीव. मधलंच एखादं वर्ष दिसत नसेल तर ते बहुधा बांधणीला गेलेलं असतं; परत कधी येणार ते विचारून ठेवा. दिवाळी अंकांची नोंद अंकाच्या नावाने आणि सालाने शोधायची.

प्रबंध विभागात प्रबंध घरी देत नाहीत, आणि झेरॉक्सवर मर्यादा असते. म्हणून आधी ‘शोधगंगा’ पाहा. देशभरातले प्रबंध तिथे मोफत आहेत. पण मराठी प्रबंधांच्या बाबतीत तिथला शोध फसवतो. कित्येक प्रबंध पानांची छायाचित्रं म्हणून चढवलेले आहेत, आणि बरेच श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले आहेत. त्यामुळे मजकुरातला मराठी शब्द शोधून काही येत नाही. शीर्षक रोमन किंवा इंग्रजीत टाका, नाहीतर विद्यापीठ, मग विभाग, मग मार्गदर्शकाचं नाव असं खाली उतरा. प्रकरणं वेगवेगळ्या फाइलींत असतात. संदर्भसूचीची फाइल सगळ्यात आधी उतरवा, कारण आपल्या विषयावर काय काय छापलं गेलंय याचा अंदाज तिच्यातून सगळ्यात लवकर येतो. नोंदणीआधी विषय कोणी घेतलाय का हे ‘शोधगंगोत्री’वर बघता येतं, तिथे आराखडे असतात.

८. साम्य तपासणी

प्रबंध सादर करण्याआधी दुसरीकडच्या मजकुराशी तो किती जुळतो हे ग्रंथालयामार्फत सॉफ्टवेअरमधून तपासलं जातं. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांत सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो. ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. संदर्भ देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, तसंच सर्वपरिचित शब्दांची सलग चौदा शब्दांपर्यंतची जुळणी यांची मोजदाद होत नाही.

मराठी प्रबंधांचे तीन सापळे:

जुन्या फाँटमधला मजकूर सॉफ्टवेअरला रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. अहवाल शून्य टक्के येतो आणि समिती तो मानत नाही. पहिल्या प्रकरणापासूनच युनिकोडमध्ये टाइप करा. तीनशे पानं शेवटी रूपांतरित केलीत तर जोडाक्षरं तुटतात आणि प्रत्येक पान पुन्हा वाचावं लागतं.

स्कॅन केलेली पीडीएफ चालत नाही. पीडीएफमधला एक परिच्छेद निवडून दुसरीकडे चिकटवून पाहा. मराठी नीट उमटली तर फाइल चालेल.

बाहेरच्या दुकानात ‘आधी चेक करून देतो’ म्हणणाऱ्याकडे प्रबंध देऊ नका. तिथे मजकूर सॉफ्टवेअरच्या साठ्यात जमा झाला, तर विद्यापीठाच्या तपासणीत तुमचा प्रबंध तुमच्याशीच जुळतो. मग खुलासा करत बसावं लागतं.

स्वतःचा आधी छापलेला लेख प्रबंधात घेतला असेल तर त्याची प्रत आणि मार्गदर्शकाचं पत्र जोडा. सादरीकरणाच्या अखेरच्या तारखांना रांग लागते, म्हणून निदान महिनाभर आधी फाइल द्या.

९. पुस्तक खरेदीची शिफारस

हवं ते पुस्तक ग्रंथालयात नसेल तर शिफारसीचा अर्ज भरा. तो विद्यार्थ्यांसाठीही असतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, आयएसबीएन, किंमत आणि विभागाची सही. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, म्हणून अर्ज दिवाळीआधी द्या. फेब्रुवारीत दिलेला अर्ज पुढच्या वर्षावर जातो. खरेदी होईपर्यंत दुसऱ्या ग्रंथालयातून ते पुस्तक मागवता येतं का, हेही त्याच खिडकीवर विचारा.

१०. नो ड्यूज

गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र किंवा प्रबंध सादर करण्यासाठी ग्रंथालयाचं ना-देय प्रमाणपत्र लागतं. सोबत कार्ड, अनामतीची मूळ पावती, ओळखपत्र आणि रद्द केलेला धनादेश ठेवा. विभागीय ग्रंथालयातली पुस्तकं वेगळी मोजतात, तिथली सही आधी घ्या.

प्रबंध सादर झाल्यावरही मौखिक परीक्षेपर्यंत पुस्तकं लागतात. ना-देय घेतलं की देवघेव बंद होते आणि ई-संसाधनांचं खातंही पुढे बंद होतं. म्हणून लागणारे लेख त्याआधी उतरवून ठेवा, आणि परीक्षेपर्यंत बसून वाचायची परवानगी मार्गदर्शकाच्या पत्रावर मागून घ्या.